ॲप्रनची घडी

बाबा, आज जिंकलो आपण! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

ती खंडेनवमी आठवते? तालुक्याच्या दवाखान्यात तुम्ही एक्स-रे काढायचे, आणि त्या दिवशी मशीनची पूजा असायची. रिसोडच्या बाजारातून झेंडू आणलेला. मशीनला हार घालून तुम्ही वळता, तर किरणं अडवणारा तुमचा शिशाचा ॲप्रन पाटावर, चार घड्या घालून, वर हळद-कुंकू. तुमचा चेहराच उतरतो. "घडी कोनं घातली?" मी दहा वर्षांची, आईच्या मागं दडलेली. आई म्हणते, "म्या." "अवं, हे काय लुगडं हाय का? आतलं शिसं चिरते न त्यानं! टांगूनच ठेवा लागते हे." मग तुम्ही त्या ॲप्रनचाच एक्स-रे काढला. पांढऱ्या फिल्मवर, बरोबर घडीच्या जागी, काळी रेघ. तिथून किरणं आरपार. नवा येईपर्यंत तुम्ही कपाटातला जुना, त्याहून जड ॲप्रन वापरला. संध्याकाळी आई तेलानं खांदे चोळायची आणि तुम्ही कण्हायचे, "म्हैस बसली वो खांद्यावर!" ती हसायची. मी मात्र ताट अर्धवट टाकून उठायचे.

त्या रेघेपायीच मी कापडाचं शिक्षण घेतलं. घडी घातली तरी चिरणार नाही असा ॲप्रन बनवायला घेतला; त्यात शिसं नाहीच. बिस्मथ आणि टंगस्टनची पूड लवचीक रबरात कालवून कापडावर थरानं बसवली. सुरुवातीला घडी घातली की पूड सांडायची. सोबतचे म्हणायचे, सोड नाद, लोकांना टांगून ठेवायला सांग. टांगून! खुंटी काय मला माहीत नव्हती? हट्टालाच पेटले मी, पूड सांडायची थांबेपर्यंत.

आज तुमच्याच दवाखान्यात तो तपासायचा होता. आई सोबत आली. प्रयोगशाळेत यंत्रानं घड्या घालून पाहिल्यात, असं मी सांगितलं, तर म्हणते, "यंत्राले काय समजते घडीचं? आण इकडं, मी घालतो." आणि चांगल्या दहा वेळा घातली, चापूनचोपून. मग तिथल्या ताईंनी एक्स-रे काढला. आता फिल्म नसते, कॉम्प्युटरवर दिसतं. मी पडद्याजवळ सरकले. सगळा ॲप्रन पांढराशुभ्र. रेघ नाही! ताईंनी तो अंगात घातला, दोन्ही हात वर करून गिरकी घेतली आणि म्हणाल्या, "अवो, हे तं स्वेटरवानी हाय!" मी हसता हसता रडले. आई कानाशी येऊन म्हणाली, "आता सांगून टाक त्याइले."

म्हणून हे लिहिते. पत्र कुठं टाकणार? तुमच्या फोटोमागं ठेवून देईन. घडी आईनं नव्हती घातली बाबा, मी घातली होती. पूजेत ॲप्रन नीट दिसावा म्हणून. आणि एक गोष्ट तर आईलाही अजून माहीत नाही. घडी चपटी बसेना, म्हणून मी तिच्यावर चांगली घटकाभर बसले होते.