खुंटी कुणी काढली?

अंजूर, भिवंडी

अब्बा, सलाम.

मी मजेत आहे. अम्मीला सांगा, डब्यात मासे असतात.

इथे खाडीकाठी जुन्या बंदराची भिंत उघडी पडलीय. काठ किती ढासळतो ते मोजायला आम्ही खुंट्या रोवतो. त्या सारख्या नाहीशा व्हायच्या. मला वाटलं, खाडीने नेल्या. सापडल्या शेजारच्या शेतातल्या धोंडूबाईंकडे! "मना वाटला, जमीन घ्याला गोडावनवाल्यांची मोजणी हाय," म्हणाल्या. आता त्याच राखण करतात.

ईदला मी आपल्या घरामागे, समुद्राच्या बाजूला खुंटी रोवली होती. अम्मीने पाठवलेल्या फोटोत ती दिसत नाही. फोनवर विचारलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र. उपटली असेल तर रागावणार नाही. फक्त समुद्राने नेली नाही, तुम्हीच उपटली, एवढं कळवा.

तुमची हफसा