घोडेस्वार फोलराट यांचा मग

डून लेरी, १९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
धाकट्या भावाचा समुद्रापलीकडून वाकून सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो तेव्हा सगळं शेजाऱ्यांना कळतं आणि तुला काहीच ऐकू येत नाही, म्हणून पत्रच बरं. तू विचारलंस, की मी स्वयंपाकघरातलं एक कपाट जर्मनांना दिलं असं वृंदा म्हणते ते खरं का. खरं आहे. इथे आयर्लंडात कपाटाला प्रेस म्हणतात. आमच्या प्रेसमध्ये वरच्या खणात पोहे, साबुदाणा आणि खालच्या दोन खणांत एक जुनं जर्मन घोडदळ आहे.

हिटलरचं का, असं तू विचारशीलच. नाही. ही भालेवाल्या घोडेस्वारांची रेजिमेंट त्याच्या आधीची. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हाच मोडली. तिच्याशी माझा संबंध काय? काहीही नाही. माथेरानला तू मला घोड्यावर बसवलं होतंस तेव्हा घोडा पुढे जाईना आणि मला उतरता येईना, एवढाच माझा घोडदळातला अनुभव. पाच-सहा वर्षांपूर्वी इथल्या जुन्या बाजारात पावसासाठी एका तंबूत शिरलो. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून पितळेचं एक बटण विकत घेतलं. त्या बटणाला पुढे सोबत लागली. मग फोटो आले, पट्टे आले, एक शिरस्त्राण आलं, ते आमच्या केतकीच्या डोक्यालासुद्धा बसत नाही. सगळ्याचे फोटो मी वेबसाइटवर टाकतो. तिचे नियमित वाचक नऊ. त्यांतले दोन मीच, एक घरून आणि एक चेरीवूडच्या ऑफिसातून.

पण आता ऐक. गेल्या महिन्यात लिलावात मला एक मग मिळाला. नोकरीची मुदत संपली की हे शिपाई आठवण म्हणून बिअरचा मग करून घेत, झाकणावर घोडेस्वार, अंगावर स्वतःचं नाव आणि सोबत्यांची नावं. माझ्या मगावर नाव आहे आडाम फोलराट. फोटो टाकला आणि आठवड्यात ईमेल आली, हे माझे आजोबा, आईचे वडील.

बाईंचं नाव एल्झबेट डॉयल, वय चौऱ्याऐंशी, राहणार ब्रे. म्हणजे आमच्याच डार्टच्या, इथल्या लोकलच्या लाइनीवर, थोडं पुढे! दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतली काही मुलं इथल्या घरांतून ठेवायला आणली होती, त्यांतली ही एक. पुष्कळशी परत गेली. हिला परत बोलावणारं कुणी उरलं नव्हतं. हरवलीस तर सांगायचं म्हणून आजीनं तिच्याकडून आजोबांचं नाव आणि त्यांची रेजिमेंट घोकून घेतली होती. घरचं तिच्यापाशी तेवढंच आहे.

मी मगाचे चांगले बारा फोटो काढून पाठवावेत म्हणतो. तुझं काय मत?

माया आहे ती तशीच ठेव, वाढवलीस तर ठेवायला प्रेसमध्ये जागा नाही.
तुझा उपेंद्र


नागपूर, २२ जानेवारी

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

फोटो कसले पाठवतोस? चौऱ्याऐंशी वर्षांची बाई दोन-चार स्टेशनांवर बसली आहे. मग उचल आणि जा. इथून नेलेली संत्राबर्फी वृंदानं उरवली असेल तर तीही ने. आणि तिथे भाषण देऊ नकोस. तू बारशाला गेलास तरी पाळण्याचा इतिहास सांगतोस.

मी लिहिते ते आमची सूनबाई स्वराली फोटो काढून पाठवते. तीही विचारत होती, की काकांना घोडा आवडतो का. मी म्हटलं, लांबून.

घरातल्या तिघांनाही माझे आशीर्वाद वाटून घ्या.
ताई


डून लेरी, १० फेब्रुवारी

ती. ताईस कोपरापासून नमस्कार.

जाऊन आलो. भाषण दिलं. तू म्हणालीस म्हणून छोटंच द्यायचं ठरवलं होतं, पण भाल्याच्या लांबीशी आल्यावर थांबणं जमलं नाही. मिसेस डॉयल ऐकत नव्हत्याच. त्यांनी मग मांडीवर घेतला होता आणि फोलराट या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. पुन्हा पुन्हा. मी गप्प झालो तेव्हा त्यांनी चहा ओतला आणि म्हणाल्या, की इथे साऱ्या जन्मात हे आडनाव लिहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आजोबांचा चेहरा आठवतो का, असं विचारलं. नाही म्हणाल्या, काहीच नाही.

निघताना त्यांनी विचारलं, की मार्चअखेर त्यांचा पंच्याऐंशीवा वाढदिवस आहे, मुलगा कॅनडाहून येणार आहे, तोवर मग ठेवून घेतला तर चालेल का. आणि तुझा हा उदार भाऊ काय म्हणाला असेल? म्हणाला, इन्शुरन्सचं बघावं लागेल. ताई, आमच्या घरात मोटार सोडून कशाचाही इन्शुरन्स नाही! बाईंनी लगेच मग माझ्यापुढे सरकवला. तेव्हा मला इतकं शरमल्यासारखं झालं, की मग तिथेच ठेवून जवळजवळ पळत सुटलो, आणि मफलर विसरलो.

आता प्रेसमधला तो कोपरा रिकामा आहे. वृंदानं तिथे तूरडाळ ठेवली.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे, शिरस्त्राण बसत नाहीच.
उपेंद्र


डून लेरी, ९ मार्च

ती. ताईंना वृंदाचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांचं जेवणात लक्ष नाही. कारण सांगायला लागले की मला हसू येतं, आणि मग वाईट वाटतं.

जर्मनीतले एक निवृत्त शाळामास्तर ह्यांची वेबसाइट बघतात, याच रेजिमेंटच्या वस्तू त्यांच्याकडे खूप आहेत. त्यांनी लिहिलं, की मगाचं बूड उजेडासमोर धरून बघा. ह्या मगांच्या बुडात पातळ चिनी मातीत चित्र असतं, ते उजेडातच दिसतं. अस्सल मगात शिपाई घरच्यांचा निरोप घेतो आहे असं काहीतरी असतं. मग मिळाला त्या दिवशी केतकीनं गंमत म्हणून सगळीकडून फोटो काढले होते, त्यात खिडकीच्या उजेडात धरलेल्या बुडाचाही होता, तो तेव्हा कुणी नीट पाहिलाच नव्हता. बघितला. ताई, आंघोळ करणारी बाई! अंगावर सूत नाही. केतकी हसून सोफ्यावरून खाली पडली. तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, की बाबांच्या रेजिमेंटमध्ये क्रॅक ग्रँड असणार, म्हणजे धमाल.

मास्तरांचं म्हणणं, की असे मग चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पर्यटकांसाठी ढिगांनी केले. नावं कुठल्या खऱ्या मगावरून उतरवलेली असतील, नाहीतर मनानंच घातलेली. म्हणजे मिसेस डॉयल ज्या नावावरून बोट फिरवतात ते त्यांच्या आजोबांचं असेलही आणि नसेलही.

हे म्हणतात, वाढदिवस तोंडावर आहे, मुलगा येतो आहे, कशाला सांगायचं, म्हाताऱ्या माणसाचा आनंद काढून घेऊ नये. मला वाटतं सांगावं. पण माझंच बरोबर असेल असंही नाही. ते तुमचं ऐकतात. तुम्ही लिहाल का?

तुमचा जीव आमच्यात आहे म्हणून हे मागते.
वृंदा


नागपूर, ११ मार्च

चि. उपेंद्र यास आशीर्वाद. या खेपेला धपाटे दोन.

वृंदावर रागावू नकोस, तिनं कळवलं ते बरंच केलं.

मी तुला फक्त माझं सांगते. कान गेल्यापासून घरात काही झालं आणि मी विचारलं, काय झालं, तर सगळे हसून म्हणतात, काही नाही. श्रेयसची नोकरी सुटली होती तेव्हाही काही नाही. पोटचा मुलगा, आणि तीन महिने मी त्याला विचारत होते, की आज ऑफिसला उशीर नाही का झाला. सगळे मला जपत होते. माझ्या सुखासाठीच. त्या जपण्यानं मला किती एकटं वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगते आहे.

ती बाई म्हातारी आहे, लहान नाही. लहानपणी तिला जे सोसावं लागलं ते तू आणि मी मिळून सोसलेलं नाही. वाढदिवसाच्या आधी जा.

ताई


डून लेरी, २४ मार्च

ती. ताईस नमस्कार.

काल गेलो. डार्टमध्ये वाक्यं जुळवली होती, ती दारातच विसरलो. जसं आलं तसं सांगितलं. त्यांनी मग उचलला, खिडकीशी गेल्या, उजेडाकडे धरला. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं हसतील. नाही हसल्या.

मग विचारलं, की नाव तरी खरं का. मी म्हटलं, मला माहीत नाही. आधी कसं माहीत होतं, असं विचारलं. ताई, वेबसाइटवर मी घोडेस्वार फोलराट यांच्यावर अख्खं पान लिहिलं होतं. शूर, अबोल, घोड्यावर जीव असलेला. हे सगळं मी कुठून आणलं? मगावरून. आणि मग कुठून आला? पर्यटकांच्या दुकानातून.

त्यांनी मग कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, घेऊन जा, मला आता हा घरात नको. चहा झाला नाही. मफलर मात्र धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. तो दिला तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटलं.

घरी येऊन वेबसाइटवरचं ते पान काढलं. तिथे लिहिलं, की हा मग नकली आहे, मी फसलो, आणि एका बाईंना फसवलं. बुडाचा फोटो टाकला नाही, वाचक नऊ का असेनात, घरंदाज आहेत.

वाढदिवसाचं बोलावणं अर्थात नाही. तू सांगितलंस ते बरोबर होतं असं वृंदा म्हणते. मला अजून तसं वाटत नाही. वाटलं की कळवीन.

रागावली नसशील तर आशीर्वाद, रागावली असशील तरी आशीर्वादच दे.
उपेंद्र


डून लेरी, १ जून

ती. ताईस, खूप दिवसांनी, खूप नमस्कार.

मधे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

त्या जर्मन मास्तरांनी माझी ती कबुली वाचली. त्यांनी लिहिलं, की मग नकली आहे असं सांगितल्यावर बहुतेक लोक त्यांना उत्तर देणं बंद करतात, जाहीर लिहिणारा मी पहिलाच. आणि सोबत एक फोटो पाठवला, त्यांच्या घरात भिंतीवर असलेल्या मोठ्या जुन्या छायाचित्राचा. रेजिमेंटची एक तुकडी तबेल्यापुढे उभी, साल १९०९, आणि खाली कडेला बारीक अक्षरांत नावं. तिसऱ्या रांगेत, फोलराट आ. मगवाल्यांनी नाव उतरवलं होतं ते खऱ्याच माणसाचं म्हणायचं.

या वेळी मी शहाणा झालो होतो. मिसेस डॉयलना कळवलं, की असा एक फोटो आहे, हे तुमचेच आजोबा याची मी शपथ घेऊ शकत नाही, बघायचा असेल तर आणतो. कित्येक दिवस उत्तर नाही. मग एका ओळीचं आलं, गुरुवारी या, आणि बायकोला आणा.

फोटो मोठा छापून नेला. मी एक शब्द बोललो नाही, वृंदा साक्षीला आहे. बाईंनी भिंग घेऊन आधी नाव शोधलं, मग रांगेतला माणूस मोजत काढला. आणि ताई, काय सांगू, सगळी तुकडी पुतळ्यासारखी उभी, एकेकाच्या मिशीचा केस दिसतो, आणि नेमका त्या एकाचाच चेहरा हललेला! त्या काळी फोटोला क्षणभर तरी स्थिर राहावं लागे, हा माणूस हलला. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. मला वाटलं, देवा, हेही माझ्याच हातून व्हायचं होतं.

बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलल्या. ती भाषा बोलायला त्यांना कुणी उरलेलं नाही, त्यांचा आवाजच वेगळा वाटला. मग आम्हाला इंग्रजीत सांगितलं. आजी जेवताना रोज ओरडायची, आडाम, एका जागी बस! ते बसायचेच नाहीत. भांडं वाजव, खुर्ची हलव, हिला टेबलाखालून पायानं डिवच. इतकी वर्षं हे त्यांना आठवलं नव्हतं, आता आजीच्या आवाजासकट आठवलं. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वृंदानं त्यांचा हात धरला. मी चहाकडे बघत बसलो.

जाताना त्यांनी मला विचारलं, की तुझे आजोबा कसे होते. माझ्या जन्माआधीच ते गेले, हे खरं. पण मी कधी विचारलंही नाही. चाळीस परक्या घोडेस्वारांची नावं मला पाठ आहेत, ताई, आणि आपल्या आजोबांबद्दल एक वाक्य येत नाही.

ते कसे होते?
उपेंद्र


नागपूर, ४ जून

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद. आज धपाटा नाही.

आजोबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. दर दिवाळीला आम्हा सगळ्या नातवंडांना ते तिथे घेऊन जात आणि पार्सलच्या मोठ्या काट्यावर एकेकाला उभं करत. वजन मोठ्यानं वाचत, मग खडूनं आमच्या पाठीवर लिहीत, नाजूक माल, सांभाळून उतरवा. आम्ही ती अक्षरं पुसू न देता घरभर मिरवायचो, आणि आई आंघोळीला ओढून न्यायची. त्यांच्या धोतराला लाखेचा वास यायचा, पार्सलला लावायची ती लाख. कुणावर रागावले की ते इंग्रजीत रागावत, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

तू पोटात होतास तेव्हा आईला म्हणाले होते, याला एकट्याला घेऊन जाईन, याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहीन. त्या पावसाळ्यात गेले. दिवाळीला तू झालास.

एवढंच नाही, पुष्कळ आहे. पण लिहिताना माझा हात दुखतो, आणि आजोबा पत्रात मावत नाहीत. डिसेंबरात ये. केतकीलाही आण, तिला मराठी समजतं ना, मग झालं. अंगणात खुर्च्या टाकू. मी सांगेन, तू माझ्या जवळ बस, आणि काही विचारायचं झालं तर मोठ्यानं विचार.

वाट पाहणारी,
ताई