कीस पडला नाही

२० ऑक्टोबर, सोमवार

झाली एकदाची! लेकीची, जोलीनची काडतुसं भरून झाली.

उन्हाळ्यात एल्डनला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्याच्या टेबलाला कुणी हात लावला नव्हता. दरवर्षी नवरोबा काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या छाटणार, बंदुकीची दारू मोजणार, आणि मी आपली डबे पुसणार. यंदा सगळं मीच. दुकानातून आणली असती तर लेक म्हणाली असती, "बाबा आजारी पडले म्हणजे घरचं सगळंच बंद का?" म्हणून हट्टाने केलं.

एकदा झाडलेली पुंगळी थोडी ताणते, म्हणून परत भरण्याआधी तिचं तोंड छाटायचं. आधी एल्डनच्या बंदुकीच्या पुंगळ्या छाटल्या होत्या, म्हणून यंत्रात जोलीनच्या पुंगळीला बसेल अशी खुंटी घातली. पातं कुठवर छाटेल ते ठरवणाऱ्या मापाच्या कडीला हात लावला नाही. "माझ्या कडीला हात लावशील तर बघ!" – तीस वर्षं ऐकत आलेय. मग फिरवत बसले. पितळेचा कणभरही कीस पडला नाही! म्हणजे पुंगळ्या ताणल्याच नव्हत्या. मापून बघायचा त्रासही वाचला.

एल्डन काडतुसाच्या बुडाला माझी लाल नेलपॉलिश लावायचा, ओल लागू नये म्हणून. बाटली सुकून खडखडीत झालीय. राहू दे.

तो खुर्चीतून बघत होता. त्याच्याजवळ एकच शब्द उरलाय – मंगळवार. भूक लागली, मंगळवार. कॉफी गार झाली, मंगळवार. आज तर डावा हात आपटून आपटून "मंगळवार! मंगळवार!" शेवटी मी ओरडले, "अरे, सोमवार आहे आज!" नंतर वाईट वाटलं.

२२ ऑक्टोबर

जोलीन येऊन जेवून गेली. एल्क हरणांची शिकार शनिवारी सुरू होते, त्याआधी घोड्यावरून वरच्या तळावर पोचायचंय तिला.

जेवताना एल्डनच्या समोरच म्हणाली, "आई, बाबा आत नाहीतच आता. नुसतं शरीर बसलंय. हिवाळ्याआधी त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवू."

"हळू बोल गं."

"कुणाला कळतंय?"

मी काय केलं? मान डोलावली! म्हटलं, तू परत आलीस की ठरवू.

काडतुसांचा डबा मी खुर्चीजवळच्या फळीवर ठेवला होता. एल्डनने तो स्वतः तिच्या हातात दिला. सोडेचना. बोटं सोडवावी लागली.

२३ ऑक्टोबर

डोंगरावर बर्फ. वर फोन लागत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

देवा, मी काय करून बसले!

टेबल आवरताना जोलीनच्या दोन छाटलेल्या पण न भरलेल्या पुंगळ्या सापडल्या. सहज एक लांबी तपासायच्या मापाच्या खाचेत घातली. बसेना! दुसरी घातली. तीही नाही.

मग कडी बघितली. ती एल्डनच्या बंदुकीच्या मापाला लावलेली. त्याची पुंगळी जोलीनच्या पुंगळीहून जराशी लांब. त्यामुळे पातं जोलीनच्या पुंगळ्यांना टेकलंच नाही. मी हवा छाटत बसले होते! कीस पडला नाही म्हणून खूश होते, मूर्ख बाई!

लांब पुंगळीचं तोंड नळीत दाबलं जातं आणि गोळीला करकचून धरतं. बार उडाला की आतला दाब गोळी सोडून बंदूक फोडायला धावतो. आणि बंदुकीला टेकलेला असतो माझ्या मुलीचा गाल.

आज शिकार सुरू झाली. आजच.

२६ ऑक्टोबर

शेजारच्या गसला बोलावलं. आधी हसला. "मार्ज, असली काडतुसं मी चिक्कार उडवलीत. नाक आहे ना जागेवर?" मग पुंगळी खाचेत घालून पाहिली आणि हसायचा थांबला. "घोडा काढतो," एवढंच म्हणाला. पोचायला दीड दिवस तरी लागेल. बर्फ असेल तर जास्त.

मला भीती वाटतेय. जंगल खात्याच्या चौकीवर तीनदा फोन केला. तिथली पोरगी गोड बोलते, "निरोप ठेवते हं." कुणासाठी ठेवतेस, बाई?

२७ ऑक्टोबर

एल्डनला सगळं सांगून टाकलं. त्याला कळत नाही म्हणूनच सांगता आलं. त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. म्हटलं, तुझ्या लेकीला मी मारलं असेन, एल्डन.

त्याने माझे केस ओढले! "मंगळवार! मंगळवार!" दाराकडे हात करून उठायला लागला, चार पावलं गेला आणि धाडकन पडला. कसाबसा खुर्चीत बसवला आणि पट्टा बांधला. तरी ओरडतोच आहे, घसा बसला तरी. मी स्वयंपाकघरात येऊन दार लावून घेतलं. जोलीन बरोबर बोलते. मला नाही झेपत हे.

बाहेर गाडी वाजली की खिडकीशी धावते. पोलीस असतील, असंच वाटतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आली! दोन्ही डोळे, दहा बोटं, सगळं जागच्या जागी! गस तिला वाटेतच भेटला. घोड्यावर एल्कचं मांस लादून ती खालीच येत होती.

मी तिला इतकं आवळलं की ओरडली, "आई, श्वास घेऊ दे!" एकाच गोळीत पडला म्हणे. मी म्हटलं, "बंदूक फुटली कशी नाही?"

"का फुटेल? बाबांनीच तर भरलीत." डबा उघडून समोर धरला.

सगळी लाल बुडाची. मी तर एकालाही लाल लावलं नव्हतं.

२८, पुन्हा

दाराशी एल्डनचा कोट टांगलाय. झटका आल्यापासून त्याने तो घातलेला नाही. जोलीनसाठी भरलेली गेल्या वर्षीची उरलेली काडतुसं त्यातच असणार. खिशात हात घातला. माझी काडतुसं, एकूण एक. भिंत धरत धरत कोटापर्यंत जाऊन, एका डाव्या हाताने कधी बदलली असतील त्याने!

काल तो कोटाकडेच निघाला होता. आणि मी त्याला बांधून घातलं.

जोलीनला खिसा दाखवला. ती म्हणाली, "आई, त्या दिवशी जेवताना मी काय बोलले ते–"

त्याने सगळं ऐकलंय.