रुद्राणीच्या खोलीतले स्टूल

मी, गुरुसिद्धप्पा मल्लप्पा हिप्परगी, मूळचा दुधनीचा, हल्ली राहणार सोलापूर, धंदा अडत, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाने नव्हे, माझ्या मर्जीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे, छाती तेवढी नाही. डॉक्टर म्हणतात, पडून राहा. पडलो की जीव नुसता तळमळतो, म्हणून रुद्राणीच्या भाकरीच्या खोलीत स्टुलावर बसून लिहीत आहे.

१. राहते घर पत्नी दाक्षायणी हिचे. तिला तिथून कोणी 'सरका' म्हणायचे नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानांत बसलो, घर तिनेच राखले.

२. अडतीचे दुकान व बँकेतील शिल्लक मुलगा शिवयोगी याची. मेहुणा गुरुबसप्पा याला काही नाही. भर पंगतीत तो मला 'बिनपगारी नोकर' म्हणाला होता. म्हणू दे. माझी रीतच तशी. नव्या माणसाच्या धंद्यात मी पैसा व्याजाने घातला नाही, भागीने घातला. आणि पैशामागून स्वतः गेलो. धर्मपालने पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे दुकान काढले, तेव्हा तांब्याची तार धरून मीच बसायचो, गिऱ्हाइकाशी मीच भांडायचो. एक दिवस तो तडकला, "अण्णा, दुकान माझं हाय का तुमचं? उठा!" मी पेढे वाटले. मालकाने मला उठवले की धंदा पायावर उभा राहिला, असे मी समजतो. मग घातले तेवढेच घ्यायचे आणि भागी सोडायची.

३. राहिली रुद्राणी. गिरणी सुटून नवरा घरी बसला, तेव्हा हिने कडक भाकरी विकायला काढली. खोली माझी, चुली मी घालून दिल्या, ज्वारी बघायला मंद्रूपच्या बाजाराला मीच जातो. दिवसभर कटकट करतो आणि ती "व्हय अण्णा" म्हणते. उठवत म्हणून नाही! हीच माझी काळजी. मी गेलो की शिवयोगी खोलीचे गोदाम करणार. तसे तोंडावर बोलला आहे. सबब खोली शिवयोगीच्या नावे राहील, पण रुद्राणी उठवीपर्यंत त्याने रोज या स्टुलावर बसावे, पिठात हात घालावेत, आणि

इथवर लिहिले, तोच थापणाऱ्या बायकांची भाकरीचे गठ्ठे बांधायची घाई सुरू झाली. मला राहवेना. म्हणालो, "अगं, भाकरी जाड झाली. आणि त्या दुधनीवाल्याला उधार देऊ नको."

रुद्राणीने काठवट आपटली. "त्याची उधारी मी कवाच बंद केलीय. आन् लांब जाणारी भाकरी पातळ केली तर वाटंत मोडती. तुमी मधी बसलाय, बायकास्नी वाट न्हाई. उठा की आता, अण्णा!"

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आले. ते मी लपवत नाही.

सबब कलम ३ मधील 'सबब'पासूनचा मजकूर स्वहस्ते खोडला आहे. खोली, चुली व माझी भागी माझ्या पश्चात रुद्राणीची, पूर्ण मालकीने. शिवयोगीने हरकत घेऊ नये.

४. माझे स्टूल शिवयोगीला. बसायला नवे दुकान त्याने शोधावे, आणि कोणी उठवले तर राग मानू नये.

साक्षीदार:
धर्मपाल सरवदे, निरोप धाडून बोलावलेला, सही
काशम्मा कोरे, भाकरी थापणारी, डाव्या अंगठ्याचा ठसा

लिहून ठेवणार: गुरुसिद्धप्पा मल्लप्पा हिप्परगी
तारीख: ११ नोव्हेंबर १९७४
ठिकाण: सोलापूर, रुद्राणीच्या दाराबाहेरची पायरी