पोस्टिंगचं भांडण

२८ जून, शनिवार
पप्पांचा व्हिडिओ कॉल. ताश्कंद. सप्टेंबरमध्ये. फॅमिलीसकट, तीन वर्षं.
आईने लगेच विचारलं, थंडी किती असते तिथे? मी नकाशासुद्धा उघडला नाही. थिंफू, काठमांडू, हनोई, दार-ए-सलाम. मधे अंबाला, झाशी. मग पप्पांना एकट्याला बॉर्डरवर पाठवलं म्हणून आम्ही दोघी धुळ्यात आबांकडे, म्हणजे पप्पांच्या वडिलांकडे, त्याला आता दोन वर्षं झाली. वय सोळा, शाळा सात. दूतावासातल्या फौजी ऑफिसांना क्लार्क लागतात आणि पप्पांचं काम फार चोख. त्यांच्या चोख कामाला आग लागो.
आबा अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजत होते. त्यांना मीच सांगितलं. म्हणाले, "वांगं फिराव, नई ते एकच बाजू जळस." बस.

२ जुलै
जेवण जात नाही. या वेळी नाही जायचं मला. कुणाला सांगू? ऑर्डर म्हणजे ऑर्डर.
थिंफू सोडलं तेव्हा मैत्रिणीसाठी, सोनमसाठी, महिनाभर रडले होते, तापच आला होता. तेव्हाच ठरवलं. काठमांडूपासून पो.भां. सुरू. निघायच्या आधी महिनाभर, जो सगळ्यांत जवळचा त्याच्याशी कडाकडा भांडायचं. पोस्टिंगचं भांडण. मग निघताना डोळे कोरडे. हनोईत लिन्हने माझ्यासाठी काढलेलं चित्र तिच्यासमोर टराटरा फाडलं. विमानात मस्त झोपले.
आई पण करते, नाव नाही देत एवढंच. शेवटच्या महिन्यात शेजारणीशी तिचं कुठल्यातरी वाटीवरून वाजतंच.
धुळ्यात जवळचं कोण? मैत्रिणी आहेत, पण त्या ठीक. नाव एकच येतंय आणि ते मला लिहायचं नाही.

९ जुलै, बुधवार
केलं.
आबा म्हणाले, सुतारले सांगेल शे, टेबल करी ऱ्हायना तुनासाठे, बारावीले लागी. मी चालले आहे हे माहीत असूनही टेबल! तिथेच माझं डोकं फिरलं. की फिरवून घेतलं. दोन्ही.
मी म्हणाले, "कशाला? हे माझं घर नाहीये आबा. क्वार्टर आहे. तुम्ही इथले केअरटेकर."
ते हसले. थट्टा वाटली त्यांना. ते हसले म्हणून मी आणखी पुढे गेले. म्हणाले, "आजी गेली तेव्हा हनोईत कोणी रडलंसुद्धा नाही. आम्ही संध्याकाळी पार्टीला गेलो होतो."
खोटं. आई दोन दिवस बाथरूममधून बाहेर येत नव्हती. पप्पांना सुट्टी मिळाली तोवर दहावा उलटून गेला होता. आबांनी एकट्याने सगळं केलं.
"बरं," म्हणाले. टोपी घातली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाणी त्यांनी सकाळीच घातलं होतं.

१४ जुलै, सोमवार
पप्पांचा फोन. ताश्कंद रद्द. दुसऱ्याच कोणाला तरी पाठवताहेत. तुम्ही दोघी धुळ्यातच, तुझी बारावी होईपर्यंत तर नक्की.
आई नाचायची बाकी होती. "अगं, तोंड काय पाडलंयस? तुलाच जायचं नव्हतं ना?"
आजवर एकदाही रद्द झालं नव्हतं. एकदाही नाही! पो.भां. केलं की निघून जायचं असतं. करून राहायचं कसं, ते मला येत नाही.

१५ जुलै
आबांना सॉरी म्हटलं. तीनदा. खोटं बोलले, पार्टी नव्हती, आई रडली होती, सगळं सांगितलं. वर्तमानपत्र खाली न करता आबा म्हणाले, "खरं बोलनी तू. खरं बोलानी माफी कसाले?"
पो.भां.चं समजावून सांगायला गेले तर माझं मलाच ते वेडगळ वाटायला लागलं. जवळचे आहात म्हणून तोडलं. कोण ऐकून घेईल हे?

१८ जुलै
आईला कळलं. मारलं नाही, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाली, "मी शेजारणींशी भांडते गं. घरातल्या माणसाशी नाही."

२० जुलै, रविवार
आबा गेले. शिंदखेड्याला, आत्याकडे. एक पिशवी.
जायच्या आधी मला अंगणात बोलावलं. वहीचा कागद. क्वार्टर सोडताना पप्पा कसे सामान मोजून ताब्यात देतात ते मीच त्यांना रंगवून सांगितलं होतं. तसंच लिहिलेलं. कुंड्या ७. गॅस सिलिंडर २, पैकी १ भरलेला. देवघर १. आजीचा फोटो १. चाव्या २. खाली 'देणार' आणि त्यांची सही. 'घेणार', पुढे रिकामं.
"सही कर. क्वाटर सोडी ऱ्हायनू मी."
आई "आबा, हे काय, लहान आहे ती" करत राहिली. ते ऐकेनात. बसची वेळ झाली होती. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, बस चुकवणार नाहीत.
मी सही केली. का केली? हात आपोआप चालला. नेहमी मोठी माणसं सांगतील तिथे सही, तसा.

२३ जुलै
सुताराने टेबल आणून दिलं. "आबांनी सांगितलंय, खिडकीपाशी लाव." त्यावर बसायची हिंमत नाही. हे जमिनीवर बसून लिहितेय. फोन करते तर आत्या उचलते. "झोपेल शेत." दुपारी बारालाही झोपलेले, सहालाही झोपलेले.

२७ जुलै, रविवार
शिंदखेड्याला जाऊन आले. एकटी, एसटीने.
आबा ओट्यावर होते. मला बघून उठले, खुर्ची दिली. आत्याला म्हणाले, पाहुण्यांना पाणी आण. मग माझ्याशी, "कसं काय येणं केलंत? तुमची परतीची बस किती वाजता आहे?"
शुद्ध बोलत होते. तुमची! आई अजून सांगते, मी लहानपणी पहिल्यांदा धुळ्याला आले तेव्हा मला त्यांचं बोलणं कळायचं नाही, तर आबा दर वाक्य दोनदा बोलायचे, आधी त्यांच्या बोलीत, मग माझ्यासाठी. आणि आज पॅसेंजरशी बोलावं तसं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.
आत्या फाटकापर्यंत आली. "माणसं भांडतस. पन तू बाईनं नाव घिदं." आजीचं. बरोबर आहे तिचं. आजीचं नाव घ्यायला नको होतं.
बसमध्ये सगळ्यांसमोर रडले. कोरड्या डोळ्यांची विद्या गेली कुठे?

२९ जुलै, नागपंचमी
येत्या रविवारी कानबाई, इकडच्या देवीचा सण. शनिवारी रोटांचं, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं दळण. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे नि दळायला टाकायचे. आमच्याकडे मुठी आबाच घेतात. पोरीबाळींची मूठ घेत नाहीत.
मागच्या वर्षी मी विचारलं होतं, माझी? आई म्हणाली, मुलगी परक्या घरी जाते, तिची नसते. आबांनी त्यांची घेतली, पप्पांची घेतली, मग थांबले. तिसरी घेतली. आईला म्हणाले, "बठ्ठी दुनिया फिरीसन ती आठेच उनी ना? आते कोठे जास? याच घरनी शे ती." मग माझ्यासाठी पुन्हा, "सगळी दुनिया फिरून ती इथेच आली ना?"
गल्लीत बायका बोलल्या. आबांनी मनावर घेतलं नाही.

३१ जुलै
आई चिंतेत. रोट आपल्या भाऊबंदांतच खायचे असतात. आत्याच्या सासरचं कूळ वेगळं. "तिथे त्यांना कोण रोट देणार? सणाच्या दिवशी परक्या माणसासारखे बसून राहतील." मी त्यांना बेघर केलं. क्वार्टर-क्वार्टर करत मी हिंडले आणि घर त्यांचं गेलं.
पप्पांना मेसेज केला, तुम्ही तरी बोला. पप्पा म्हणे, बोललो. आबा 'बरं' म्हणाले.
हे 'बरं' नको झालंय मला.

२ ऑगस्ट, शनिवार
चक्कीवाल्याने चक्की धुऊन ठेवलीय, आज फक्त रोटांचं दळण घेतोय. पाच वाजता आईने गव्हाचा डबा काढला, परात मांडली, आणि तशीच बसून राहिली. मग आबांना फोन लावला, स्पीकरवर. आत्याने या वेळी फोन त्यांच्याकडे दिला.
आई म्हणाली, "आबा, तुमच्याशिवाय मूठ कशी घेऊ? या ना. नाहीतर निदान सांगा तरी, किती घेऊ?"
मागे आत्याकडची कुकरची शिट्टी. फोन कट झाला असं वाटलं.
मग म्हणाले, "माले नको इचारू. पोरगीले इचार. या घरमा कोण कोण शे, ते तिले सांगू दे."
आणि ठेवला.
आई माझ्याकडे बघत होती. मी हात धुतले. डब्यात हात घातला. पहिली मूठ आबांची. इतकी गच्च भरली की बोटांतून गहू सांडले, ते वेचून पुन्हा टाकले, वर पाव मूठ. मग पप्पांची.
तिसऱ्यांदा, माझ्या मुठीसाठी, हात डब्यात घातला आणि बाहेर काढताच येईना. हनोई, काठमांडू कुठेही असली मूठ नव्हती. तिथे 'मी इथली नाही' म्हटलं की झालं. इथे 'मी या घरची आहे' म्हणायचं तर ते मी कोणत्या तोंडाने म्हणू?
"चिनू, चक्की बंद होईल," आई म्हणाली.
हात अजून गव्हातच होता. शिंदखेड्याहून शेवटची बस सातला येते; आबांना तिने या म्हणायचं तर आधी ही मूठ भरायला हवी होती.