अंधारात सुचलेली मंगलाष्टकं

सौंदड,
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप मनीरामदादास धाकट्या बकारामचा वाकून नमस्कार. (पत्रात ‘तुम्ही’ लिहितात हे मला माहीत आहे, पण ज्याच्यासोबत चिंचा चोरल्या त्याला ‘तुम्ही’ लिहिताना हात अडतो.) फुलचूरला सगळे कसे आहात? तुझी शुगर, वहिनीचे गुडघे, छतावर चढवलेला तो दोडक्याचा वेल? इकडे आम्ही बरे आहोत असं म्हणायचं. पण दादा, मी भिऊन राहिलो आहे, आणि कशाला भितो ते सांगायलाच हे पत्र आहे.

तुला ठाऊक आहे, वीस वर्षं मी आसपासच्या लग्नांची मंगलाष्टकं लिहितो आणि माइकवर म्हणतो. पहिल्या कडव्यात गणपती, दुसऱ्यात त्या घरचे वारलेले सगळे, नावानिशी. (एक जरी सुटला तर मेलेला काही बोलत नाही, त्याच्या लेकी मांडवात येऊन बोलतात.) दिवाळीला आपली चंचल गोंदियाहून आली. इतिहासात एम. ए. करते, आणि बापाला शिकवायची एक संधी सोडत नाही. तिनं आयर्लंड देशातल्या सात-आठशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कवींचं सांगितलं. बारा-बारा वर्षं शिकायचे म्हणे. राजाच्या बाजूला बसायचे, बिदागीत गाई घ्यायचे, राजाच्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ. राजानं मान राखला नाही तर असं कवन करायचे की त्याच्या तोंडावर फोड यायचे. आणि कवन करायची रीत काय, तर भर दिवसा खिडकी नसलेल्या खोलीत उताणं पडायचं, पोटावर दगड ठेवायचा, आणि सगळं जुळलं की मगच कोणी दिवा आणायचा. मला ते एवढं पटलं की विचारू नको. वीस वर्षं उजेडात बसून मी ‘मंगल’ला ‘जंगल’ जुळवत आलो, त्याचं कारण सापडलं.

गजेंद्र पाटलाच्या भाग्यश्रीचं लग्न समोरच होतं. सकाळी अकराला मी धानाच्या खोलीत शिरलो, दार लावलं, फटींत पोती कोंबली, आणि जात्याची तळी पोटावर घेऊन पडलो. (तुझ्या भावजयीनं, नंदानं, बाहेरून दोनदा विचारलं की डॉक्टरला बोलवू का.) तासभर फक्त उंदरांची खुडबुड आणि तुसाची खाज. मग माझे ओठ हलायला लागले. आवाज माझाच, पण शब्द मी आणत नव्हतो. पाटलाच्या घरचे मेलेले एकामागून एक येऊन राहिले होते, ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं, आणि अशा सुंदर ओळी की अंगावर काटा.

दुपारी पाटलाच्या अंगणात ते कडवं म्हणून दाखवलं. गजेंद्रची म्हातारी माय शकुंतलाबाई खाटेवर बसून एकेका नावाला मान डोलावत होती. एका नावाला ती थांबली. अकरा दिवसांचं होऊन गेलेलं तिचं पहिलं लेकरू होतं ते, आणि ते नाव तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. “तुले कोनं सांगतलं?” एवढंच ती म्हणाली. मी तसाच पुढे म्हणत गेलो. शेवटचं नाव गजेंद्रच्या सुकरामकाकाचं निघालं. गजेंद्र ताडकन उठला. “काका जित्ता हाये बे! राजनांदगावले हाये.” मला नाही नाही ते बोलला, माझा कागद फाडला. पाच वाजता राजनांदगावहून फोन आला. काका सकाळीच गेले होते, अकराच्या सुमाराला.

सुतकामुळे लग्न पुढे ढकललं, आणि मंगलाष्टकांना आता अर्जुनीहून कोणी दुसरा येणार आहे. गावात माझी अवस्था विचारू नको. मी दिसलो की माणसं आपल्या लेकरांना नावानं हाक मारत नाहीत, नुसतं ‘ए’ म्हणतात. एका बाईनं मात्र सासूचं नाव चिठ्ठीवर लिहून पाठवलं. मी चिठ्ठी परत केली.

मग पुन्हा कायले पडला, असं तू म्हणशील. दादा, लोभ. तशा ओळी पुन्हा याव्या म्हणून. मंगळवारी पडलो, आणि या वेळी आपलं घर निघालं. आजोबा आले, बाबा आले, आई आली. आईनंतर आपण दोघंच उरतो. मी तळी ढकलून दिली आणि उठून पळालो, पुढचं ऐकायला थांबलो नाही. तेव्हापासून त्या खोलीला कुलूप आहे आणि नंदा धान शेजाऱ्याकडून आणते.

वहिनीला नमस्कार, देवेंद्रला आशीर्वाद.

तुझा,
बकाराम

ता. क. सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड आहे. काहीही लिही, शिव्या लिही, पण स्वतःच्या हातानं लिही. देवेंद्रकडून लिहवून घेऊ नको.

ता. क. दुसरा. वर मी खोटं लिहिलं. आईनंतर लगेच नाही उठलो. एक ओळ आणखी आली. ती तुझी होती. तीन दिवस फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. नुसता वाजतच राहिला तर मी काय करू रे दादा?

ता. क. तिसरा. ती ओळ मी कागदावर उतरवलेली नाही. पण सांगायला लाज वाटते, एवढी चांगली ओळ माझ्या तोंडून आजवर आली नव्हती. विसरलो का ते पाहायला रोज एकदा मनात म्हणतो, आणि रोज ती आणखी चांगली वाटते. कार्ड लवकर टाक.