बिनपाण्याचे दाणे

४ मार्च २००३, मंगळ. वडसा
बायकोच्या, विमलच्या कोपरांवर दाणे. मोहरीएवढे, पिवळे, बुडाशी लाल. आज पाठीवरही. "मले लय खाज सुटून राह्यली," म्हणते. आईने चष्मा न लावताच निकाल दिला : "माता आली. दवागोळी बंद कर, कोपन ते." फोडणी बंद, दाराला कडुनिंब, आणि विमलच्या शुगरच्या गोळ्या फडताळात. कडुनिंब मीच तोडून आणला. शाळेत विज्ञान शिकवतो म्हणे!

९ मार्च, रवि
मातेला थंड लागतं म्हणून रोज दूध-साखर, गोड दहीभात. वि. खुशीत : "सासूबाईंनं पहिल्यांदाच साखरेचा डबा माह्या हाती देल्ला." माठ दुपारीच रिकामा, इतकी तहान.
एक दाणा नखाने फुटला. पाणी निघालं नाही. तापही एक दिवस नाही. म्हणजे कांजण्या नव्हेत. कळलं, तरी आईसमोर माझी जीभ उचलत नाही, लाज वाटते.

१३ मार्च, गुरु
देवळात नेतो असं आईला खोटं सांगून वि.ला दवाखान्यात नेलं. डॉ.नी रक्त काढलं. थोड्या वेळाने नळीत वर पांढरं, दुधासारखं. मग तिच्या डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. "आतल्या रक्तवाहिन्याही दुधाळ दिसतात. माता नाही, गुरुजी. रक्तात चरबी आहे, दाणेही तिचेच. शुगर मोकाट सुटली की होतं, हिची आधीपासूनच सुटली असणार. गोळ्या कधीपासून बंद?"
"नऊ दिवस."
वि. म्हणाली, "मले तं सगळं बराबर दिसते."
"दिसणारच. भीती डोळ्याची नाही, पोटातलं स्वादुपिंड सुजण्याची. उद्याच चंद्रपूरला न्या. पोटात दुखलं तर तेवढंही थांबू नका."

१४ मार्च, शुक्र, सकाळ
सगळं सांगितलं. आई उंबऱ्यावर बसली. "मातेले निरोप देल्ल्याबिगर शीव ओलांडाची नाई. मंगळवारी देतो."
"माता नाही ती आई, चरबी आहे."
"चरबी? दहा दिवस घरात फोडणी नाई. चरबी कुठून आली?"
ती साखरेतूनही होते म्हणालो, तर तिने मान फिरवली. वि.ही तिच्याच बाजूने : "चार दिवस जाऊ द्या ना. कोप आपल्या पोरीवर आला मंग?"

तीच, दहा वाजता
वि. पोट धरून वाकली आहे. उलटी झाली. "गॅस असन," म्हणते, पण घामाने भिजली आहे. जीपवाल्याला निरोप धाडला, तो येईपर्यंत लिहितो. आई उंबऱ्यावरून उठायला तयार नाही. डोळे मिटून पुटपुटते आहे. मागचं दार नाही. विमलला उचलून आईला ओलांडावं लागेल.
हॉर्न वाजला.